जुन्या मोटारीचा इतिहास अहवाल

जुन्या मोटारीचा इतिहास अहवाल म्हणजे एखाद्या वापरलेल्या मोटारीची नोंदणी, मालकी, कर्ज, विमा, दंड, देखभाल व अपघात यांविषयी निरनिराळ्या दप्तरांत असलेल्या नोंदींचे एकत्रित टिपण होय. जुनी, अर्थात सेकंडहँड, मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्या पूर्वायुष्यातील दोष उघड व्हावेत, हा अशा अहवालाचा हेतू असतो. भारतात असा एकच अधिकृत दस्तऐवज अस्तित्वात नाही. परिवहन विभाग, विमा कंपन्या, बँका, पोलीस आणि दुरुस्ती केंद्रे यांच्याकडील स्वतंत्र नोंदी जमवून तो तयार करावा लागतो. त्यामुळे अहवालातील धोक्याची खूण बहुधा एखाद्या एकट्या नोंदीत सापडत नाही. दोन नोंदींमधील विसंगतीत, किंवा नोंद आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यातील तफावतीत, ती दडलेली असते.

या लेखात भारतातील, विशेषतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांतील, ग्राहकाच्या दृष्टीने या नोंदींचे स्वरूप, त्यांतील धोक्याच्या खुणा, त्यांच्या मर्यादा आणि संबंधित कायदा यांची माहिती दिली आहे.

== पार्श्वभूमी ==

वाहनाच्या पूर्वेतिहासाची चौकशी करण्याची पद्धत प्रथम कर्जव्यवहारातून आली. ब्रिटनमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या एचपीआय या संस्थेचे मूळ काम भाडेखरेदीवर घेतलेल्या, म्हणजे हप्ते बाकी असलेल्या, मोटारींची नोंद ठेवण्याचे होते. हप्ते न फेडता गाडी परस्पर विकली गेली, तर नव्या खरेदीदाराचे व कर्ज देणाऱ्याचे नुकसान होत असे. अमेरिकेत १९८४ साली कारफॅक्स ही कंपनी स्थापन झाली. तेथील १९९२ च्या मोटारचोरीविरोधी कायद्याने राज्याराज्यांतील मालकीहक्काच्या नोंदी जोडणाऱ्या राष्ट्रीय माहितीप्रणालीचा पाया घातला. अमेरिकेत अपघातात वा पुरात निकामी ठरलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शेरा मारला जातो आणि तो पुढील मालकापर्यंत जातो. भारतातील नोंदणी प्रमाणपत्रावर असा शेरा मारण्याची रूढ पद्धत नाही. परदेशी अहवालाची कल्पना जशीच्या तशी येथे लागू करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार प्रत्येक वाहनाची नोंदणी बंधनकारक आहे. पूर्वी ही नोंद ज्या त्या परिवहन कार्यालयातील वहीत राहत असे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या 'वाहन' या प्रणालीमुळे देशभरातील नोंदी एका ठिकाणी आल्या आणि गाडीचा क्रमांक टाकून प्राथमिक माहिती मिळवणे सामान्य नागरिकाला शक्य झाले.

== सातबाऱ्याशी साम्य ==

ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकास मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्राचे, म्हणजे आरसी बुकाचे, स्वरूप सातबारा उताऱ्याच्या आधारे सहज समजते. सातबाऱ्यावर भोगवटादाराचे नाव असते, तसे प्रमाणपत्रावर नोंदणीकृत मालकाचे नाव असते. शेतजमिनीच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो, त्याप्रमाणे मोटारीवर कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर येते. व्यवहारात यास हायपोथिकेशन म्हणतात. जमिनीचा फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नवे नाव लागत नाही, त्याचप्रमाणे परिवहन कार्यालयात हस्तांतरणाची नोंद झाल्याशिवाय मोटारीच्या दप्तरात मालक बदलत नाही.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. जमीन जागची हलत नाही आणि तिचे जुने फेरफार तलाठी दप्तरात सापडतात. मोटार मात्र जिल्हा व राज्य ओलांडते, तिचे सुटे भाग बदलता येतात आणि तिच्या शरीरावरील क्रमांकही खोडता येतो. म्हणूनच मोटारीच्या बाबतीत कागद तपासणे पुरेसे नसते. तो कागद समोर उभ्या असलेल्या त्याच गाडीचा आहे, याचीही खात्री करावी लागते.

== नोंदींचे स्रोत ==

* '''वाहन प्रणाली व एमपरिवहन ॲप''' : नोंदणीचा दिनांक, वाहनाचा वर्ग, इंधन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र व कर यांच्या मुदती आणि नोंदणीची सद्यःस्थिती येथे कळते. गोपनीयतेसाठी मालकाचे नाव अंशतः झाकलेले असते.
* '''ई-चलान''' : वाहतूक नियमभंगाच्या थकीत दंडाची नोंद.
* '''वाहन समन्वय''' : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, चोरीस गेलेल्या व सापडलेल्या वाहनांचा शोध घेण्याची प्रणाली. नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक यांच्या आधारे तीत शोध घेता येतो.
* '''विमा पॉलिसी''' : चालू व मागील वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती, त्यांतील घोषित मूल्य आणि 'नो क्लेम बोनस'ची टक्केवारी.
* '''देखभालीच्या नोंदी''' : अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आली त्या दिवशीचे किलोमीटर आणि केलेले काम.
* '''खाजगी अहवाल''' : जुन्या गाड्यांच्या व्यवहारातील कंपन्या वरील स्रोत आणि स्वतःची तपासणी यांच्या आधारे अहवाल देतात. त्यांची विश्वसनीयता मूळ स्रोतांइतकीच असते.

== वऱ्हाडातील संदर्भ ==

अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांना स्वतंत्र नोंदणी संकेत आहेत. अमरावतीसाठी एमएच-२७, बुलढाण्यासाठी एमएच-२८, यवतमाळसाठी एमएच-२९, अकोल्यासाठी एमएच-३० आणि वाशिमसाठी एमएच-३७. बोलीभाषेत गाडी कोणत्या कार्यालयात नोंदली गेली यास 'पासिंग' म्हणतात, जसे की 'सत्तावीस पासिंगची गाडी'.

राज्यांतर्गत स्थलांतरात गाडीचा क्रमांक बदलत नाही. शिक्षण वा नोकरीसाठी पुण्यास गेलेल्या कुटुंबाची एमएच-१२ क्रमांकाची गाडी अमरावतीत विक्रीस येणे यात वावगे काही नाही. परराज्यातील गाडीचे मात्र तसे नाही. अमरावती जिल्ह्याची सीमा मध्य प्रदेशातील बैतूल व बुऱ्हाणपूर या जिल्ह्यांच्या परिसरास भिडते आणि परतवाडा व धारणी येथून त्या दिशेने नित्य वाहतूक चालते. राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपूर, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला व खामगाव यांना जोडत पुढे सुरतेकडे जातो. त्यामुळे या पट्ट्यातील बाजारात स्थानिक गाड्यांबरोबर नागपूरच्या, खानदेशातील आणि परराज्यातील गाड्याही येतात. स्थानिक ओळखीचा मेकॅनिक किंवा शेजारी अशा गाडीच्या पूर्वायुष्याविषयी काही सांगू शकत नाही. तेथे नोंदींचे महत्त्व वाढते.

== धोक्याच्या खुणा ==

=== मालकी ===

विक्रेता आणि नोंदणीकृत मालक एकच नसणे ही पहिली खूण होय. मधल्या व्यक्तीने गाडी विकत घेऊन स्वतःच्या नावावर न करता पुढे विकण्यास काढली, की मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या असलेले नमुना २९ व नमुना ३० यांचे कागद हातोहात फिरतात. नमुना २९ हा हस्तांतरणाची सूचना देण्यासाठी विक्रेत्याचा, तर नमुना ३० हा हस्तांतरणाच्या नोंदीसाठीचा अर्ज आहे. अशा साखळीतील एखादा दुवा नंतर नामानिराळा झाला, तर खरेदीदाराकडे गाडी राहते, पण नाव लागत नाही.

मालकाचा मृत्यू झाला असल्यास वारसाने प्रथम नमुना ३१ द्वारे गाडी स्वतःच्या नावावर करून घेणे अपेक्षित आहे. मृताच्या नावावरील गाडी एका भावाने किंवा मुलाने परस्पर विकल्यास अन्य वारसांचा हक्क पुढे उभा राहू शकतो. बँकेने जप्त केलेल्या गाडीच्या बाबतीत जप्ती, प्रमाणपत्रातील बदल व लिलाव यांची कागदपत्रे क्रमाने जुळली पाहिजेत.

थोड्या काळात अनेकदा मालक बदलणे हेही विचारात घेण्याजोगे आहे. त्यावरून दोष सिद्ध होत नाही. तथापि तीन मालकांनी प्रत्येकी काही महिन्यांतच गाडी का सोडली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळणे आवश्यक ठरते.

=== बोजा ===

विक्रेता 'कर्ज फिटले' असे सांगतो, पण प्रणालीत बँकेचे नाव कायम असते, हा नेहमीचा प्रकार आहे. कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर केल्यावरच नोंद निघते. बँकेचे पत्र जुने असल्यास ते नव्याने आणावे लागू शकते.

दुय्यम प्रत असलेले नोंदणी प्रमाणपत्रही सावधगिरीचा इशारा देते. मूळ प्रत खरोखर हरवलेली असू शकते, किंवा ती एखाद्या खाजगी सावकाराकडे तारण म्हणून पडलेली असू शकते. अशा खाजगी तारणाची नोंद कोणत्याही अहवालात येत नाही.

=== नोंदणीची स्थिती ===

प्रणालीत नोंदणी 'सक्रिय' असणे आवश्यक आहे. 'ना-हरकत दिलेले', 'काळ्या यादीत', 'व्यवहारास मनाई' किंवा 'रद्द' अशी स्थिती आढळल्यास तिचे कारण समजेपर्यंत इसार देणे धोक्याचे असते. थकीत कर, पोलीस प्रकरण, चोरीची तक्रार किंवा न्यायालयीन आदेश यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि नंतर तपासणी करून तिचे दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. चौदाव्या वर्षी स्वस्तात मिळणाऱ्या गाडीच्या किमतीत हा नजीकचा खर्च आणि पर्यावरण कर धरावा लागतो.

=== क्रमांकांची जुळणी ===

आधुनिक मोटारीचा चेसिस क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजीतील आय, ओ व क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांसारखी दिसतात. पहिली तीन चिन्हे उत्पादक दर्शवितात. भारतात बनलेल्या मारुती सुझुकीच्या गाड्यांचा क्रमांक 'एमए३', टाटा मोटर्सचा 'एमएटी', ह्युंदाईचा 'एमएएल' आणि महिंद्राचा 'एमए१' यांनी सुरू होतो. प्रमाणपत्रावर एका कंपनीचे नाव आणि चेसिसवर दुसऱ्या कंपनीचा संकेत असल्यास पुढील चौकशीचीही गरज उरत नाही.

हा क्रमांक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. कोरीव अक्षरांची खोली कमी-अधिक असणे, भोवती घासल्याच्या खुणा, ताजा रंग, अथवा क्रमांकाच्या पट्टीभोवती वेल्डिंगचा सांधा दिसणे ही गंभीर लक्षणे आहेत. चोरीच्या गाडीला, अपघातात नष्ट झालेल्या त्याच प्रकारच्या गाडीची कागदपत्रे व क्रमांक जोडण्याचा गुन्हा देशात अनेकदा उघडकीस आला आहे. अशा गाडीचा अहवाल स्वच्छच निघतो, कारण तो दुसऱ्याच गाडीचा असतो. त्यामुळे क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेऊन तो प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे.

इंजिन बदलले असल्यास, रंग बदलला असल्यास किंवा सीएनजी किट बसवले असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रावर हवी. डिकीत सीएनजीची टाकी आणि प्रमाणपत्रावर केवळ 'पेट्रोल' अशी स्थिती असल्यास अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते.

=== परराज्यातून आलेली गाडी ===

परराज्यातून कायमची आणलेली गाडी महाराष्ट्रात नव्याने नोंदवताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि येथील करभरणा लागतो. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्यावर बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घेण्याची तरतूद कलम ४७ मध्ये आहे. 'वर्षभर काहीच करावे लागत नाही' असा तिचा चुकीचा अर्थ बाजारात प्रचलित आहे. खरेदीदाराने हस्तांतरणाची सूचना तीस दिवसांत देण्याचे बंधन त्याहून स्वतंत्र आहे.

पुनर्नोंदणीमुळे आणखी एक भ्रम निर्माण होतो. जुन्या गाडीला एमएच-२७ किंवा एमएच-३० च्या चालू मालिकेतील क्रमांक मिळतो आणि क्रमांकावरून ती नवी भासते. वय ठरवण्यासाठी क्रमांकाची मालिका न पाहता उत्पादनाचा महिना व प्रथम नोंदणीचा दिनांक पाहावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले. तेव्हापासून तेथील गाड्या अन्य राज्यांत कमी किमतीत विकल्या जाण्यास चालना मिळाली. अशी गाडी वाईटच असते असे नाही, परंतु तिच्या किमतीशी येथील कर व नोंदणीचा खर्च मिळवूनच तुलना करणे योग्य ठरते.

=== किलोमीटरचा आकडा ===

किलोमीटर दर्शविणारा आकडा मागे फिरवणे हा जुन्या गाड्यांच्या व्यवहारातील सर्वपरिचित गैरप्रकार आहे. अंकीय मापक आल्यानंतर तो थांबलेला नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर किलोमीटरची नोंद नसते, म्हणून हा प्रकार केवळ देखभालीच्या नोंदींवरून उघड होतो.

समजा, २०१७ च्या एका गाडीच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. जानेवारी २०१९ मध्ये २८,००० किलोमीटर, डिसेंबर २०२० मध्ये ६१,००० किलोमीटर, त्यानंतर अधिकृत केंद्रातील एकही नोंद नाही, आणि २०२४ मध्ये विक्रीच्या वेळी मापकावर ५२,००० किलोमीटर. येथे आकडा उलटला आहे, हे उघड आहे. पण हीच गाडी विक्रीच्या वेळी ६८,००० किलोमीटर दाखवत असती, तर आकडा उलटला नसला तरी शंका राहिली असती. पहिल्या काळात वर्षाला साधारण १७,००० किलोमीटर चाललेली गाडी पुढील चार वर्षांत मिळून केवळ ७,००० किलोमीटर कशी चालली, याचे कारण विचारणे भाग आहे. मालक परगावी गेला, गाडी उभी राहिली, अशी खरी कारणेही असतात. ती अन्य पुराव्याशी जुळली पाहिजेत. झिजलेले पेडल, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या आसनाची दबलेली कड हे असे पुरावे होत.

=== अपघात व पूर ===

विमा पॉलिसीवरील 'नो क्लेम बोनस' ही अपघाताविषयीची एक अप्रत्यक्ष साक्ष आहे. दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार ही सवलत २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वाढते. सहा वर्षे एकाच मालकाकडे, खंड न पडता विमा असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर शून्य टक्के सवलत असेल, तर नजीकच्या काळात दावा झाला असण्याची शक्यता मोठी असते. विम्यात नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला तरी सवलत जाते, म्हणून मागील दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी एकत्र पाहणे आवश्यक ठरते. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. ती खरेदीदाराकडे येत नाही, आणि 'बोनससह गाडी' ही जाहिरात दिशाभूल करणारी असते.

दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी व्यवहारतः पूर्ण हानी झालेली मानली जाते. विमा कंपनी भरपाई देते आणि गाडीचा सांगाडा विकला जातो. तो दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्यास नोंदणी प्रमाणपत्रावरून हे कळेलच असे नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे त्याहून अवघड असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली येथे आणि २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूर शहरात मोठा पूर आला. नागपूर अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. अशा घटनांनंतर त्या शहरांत नोंदलेली गाडी विक्रीस आली असता पुराच्या सुमारास केलेल्या विमा दाव्याची व मोठ्या दुरुस्तीची चौकशी करणे व्यवहार्य ठरते. आसनपट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढल्यास त्यावर गाळाची रेषा दिसू शकते. गालिच्याखाली गंज आणि दिव्यांच्या आत बाष्प असणे हीही तशीच चिन्हे आहेत. कोकणातील खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीस थोडा गंज स्वाभाविक असतो. अकोल्याच्या कोरड्या हवेतच आयुष्य गेल्याचे सांगितल्या जाणाऱ्या गाडीच्या तळाशी मोठा गंज असेल, तर ते सांगणे तपासून पाहावे लागते.

काचांवर व आसनपट्ट्यांवर उत्पादनकाळाचे संकेत असतात. सर्व काचा २०१६ च्या आणि एकच २०२१ ची असेल, तर ती बाजू अपघातात सापडली असणे शक्य आहे. कधीकधी केवळ दगड लागूनही काच बदललेली असते. बाजूचा रंग, सांधे व नटबोल्ट यांची साक्ष जुळली, तरच निष्कर्ष काढता येतो.

=== वापराचा प्रकार ===

प्रवासी टॅक्सी म्हणून वापरलेली गाडी नंतर खाजगी वर्गात नोंदवता येते आणि तिची पिवळी पाटी पांढरी होते. हा बदल कायदेशीर आहे, परंतु खरेदीदारापासून तो लपवला जातो. नोंदणीच्या इतिहासात वाहनवर्ग बदललेला असणे, वेगनियंत्रक बसवल्याच्या खुणा राहणे आणि वयाच्या मानाने आतील भाग जास्त झिजलेला असणे यांवरून तो ओळखता येतो. दुसऱ्या शहरांतील असंख्य ई-चलानेही, 'गाडी घरगुती वापरातली' या दाव्याच्या विरोधात साक्ष देतात.

== कोऱ्या अहवालाचा अर्थ ==

अहवालात काहीही प्रतिकूल न आढळणे म्हणजे गाडी निर्दोष असणे नव्हे. प्रत्येक दप्तरात केवळ तेथे कळवलेली घटनाच नोंदली जाते. अपघातानंतर विमा दावा न करता गॅरेजमध्ये रोखीने दुरुस्ती केली, तर विमा कंपनीस त्याची वार्ता नसते. गावातील मेकॅनिककडे नियमित देखभाल झालेली गाडी अधिकृत केंद्राच्या संगणकात दुर्लक्षित दिसते, जरी ती उत्तम स्थितीत असली तरी. जुन्या वह्यांतून संगणकात चढवलेल्या नोंदींत त्रुटीही राहिलेल्या असतात.

म्हणून नोंद, तिचा अभाव आणि विसंगती या तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. नोंद असल्यास ती पुरावा होय. नोंद नसल्यास तो केवळ प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष तपासणीतून शोधावे लागते. विसंगती मात्र सर्वांत महत्त्वाची, कारण दोन परस्परविरोधी नोंदींपैकी किमान एक चुकीची असतेच. प्रामाणिक विक्रेता विसंगतीचे कारण कागदानिशी दाखवू शकतो. कारण न देता 'आजच इसार द्या, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे' अशी घाई करणे हीच एक धोक्याची खूण मानली जाते.

== कायदेशीर बाजू ==

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना चौदा दिवसांत, तर परराज्यातील विक्रीची पंचेचाळीस दिवसांत द्यायची असते. खरेदीदारावर तीस दिवसांत कळवण्याचे बंधन आहे. नोंद न बदलण्याचा धोका विक्रेत्यासही असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, पण दप्तरात पहिल्याच मालकाचे नाव होते. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गाडी विकून पैसे घेतले म्हणजे जबाबदारी संपली, हा समज या निर्णयाने खोटा ठरवला.

कलम १५७ नुसार गाडीबरोबर विमाही खरेदीदाराकडे गेल्याचे मानले जाते आणि पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. हे संरक्षण त्रयस्थाच्या भरपाईपुरते असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी पॉलिसीवरील नाव बदललेले असणे आवश्यक आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय नियमांत नियम ५५अ ते ५५ह यांची भर घालण्यात आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यांनुसार व्यापाऱ्यास परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी व्यापाऱ्याकडे सोपवल्याची सूचना नमुना २९क द्वारे दिल्यावर ती त्याच्या ताब्यात असेपर्यंत व्यापारी तिचा मानीव मालक ठरतो. अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याशी व्यवहार केल्यास मधला दुवा नोंदीत येतो, हा खरेदीदाराचा लाभ आहे.

वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार, उलट करार नसल्यास, विकलेल्या वस्तूवर त्रयस्थाचा अघोषित बोजा नाही अशी हमी विक्रेत्याकडून गृहीत धरली जाते. वस्तूच्या दर्जाबाबत मात्र कायदा सर्वसाधारणपणे खरेदीदारानेच पारख करावी अशी अपेक्षा करतो. त्यामुळे किलोमीटर, अपघात व पूर यांविषयीचे विक्रेत्याचे कथन सौदापावतीत लेखी घेणे महत्त्वाचे ठरते. लेखी कथन खोटे ठरल्यास ते पुरावा म्हणून वापरता येते. व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि तक्रारदार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करू शकतो. त्यामुळे पुण्याच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेणाऱ्या अमरावतीकरास तक्रारीसाठी पुण्यास जावे लागत नाही. जाणूनबुजून फसवणूक झाली असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फौजदारी तक्रारीचा मार्गही उपलब्ध आहे.

== पडताळणीचा क्रम ==

# गाडीच्या क्रमांकावरून वाहन प्रणालीत नोंदणीची स्थिती, बोजा, वर्ग व मुदती पाहणे.
# मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि विक्रेत्याचे ओळखपत्र यांवरील नावांची जुळणी करणे.
# चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर पाहून प्रमाणपत्राशी ताडणे, आणि त्याच क्रमांकांचा वाहन समन्वय प्रणालीत शोध घेणे.
# थकीत ई-चलाने तपासून ती व्यवहारापूर्वी भरून घेणे.
# किमान दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी व देखभालीच्या नोंदी दिनांकानुसार एका कागदावर मांडणे.
# विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून, दिवसाच्या उजेडात, गाडी तपासून घेणे.
# विक्रेत्याचे कथन सौदापावतीत लिहून घेणे आणि रकमेचा मोठा भाग बँकेमार्फत देणे.
# गाडी ताब्यात घेण्याचा दिनांक व वेळ लेखी नोंदवणे, तसेच हस्तांतरणाचा व विम्यातील नावबदलाचा अर्ज मुदतीत करणे.

यांपैकी पहिल्या चार पायऱ्यांना विशेष खर्च येत नाही आणि त्या इसार देण्यापूर्वीच पूर्ण होऊ शकतात. पाचवी पायरी सर्वाधिक वेळ घेते, पण किलोमीटरमधील फेरफार व लपवलेले अपघात बहुधा तीतूनच बाहेर येतात. आठवी पायरी खरेदीदाराइतकीच विक्रेत्याच्याही हिताची आहे, कारण गाडी सोपवल्यानंतर आणि दप्तरात नाव बदलण्यापूर्वी झालेल्या अपघाताचा किंवा दंडाचा प्रश्न त्या लेखी वेळेवरून सुटू शकतो.